उंदराच्या फुप्फुसात तंतू उरले किती? लोह-५९ ने मोजणी

श्वासातून गेलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंपैकी उंदराच्या फुप्फुसात किती उरतात, ते किरणोत्सर्गी लोह-५९ च्या खुणेने मोजायचं आहे. पावसाळ्यात खारघर-वाशीकडे हा प्रयोग करायचा तर पहिली झुंज दमटपणाशी. तंतू १०५ अंशांवर रात्रभर वाळवा आणि सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा, नाहीतर गुठळ्या होऊन ते उंदराच्या नाकातच अडकतात. एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) आणि प्राणी नीतिसमितीची परवानगी अर्थातच त्याआधी.

अ‍ॅमोसाइटसारख्या लोहयुक्त अ‍ॅस्बेस्टॉसवर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा केला की त्यातल्याच लोहाचं थोडं लोह-५९ होतं (अर्धायुष्य ४४.५ दिवस). वरून काही चिकटवावं लागत नाही. नमुना आठवडाभर ठेवून द्या, म्हणजे सोबत तयार झालेलं, १५ तास अर्धायुष्याचं सोडियम-२४ विझतं. मग जर्मेनियम डिटेक्टरवर एकदा स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेचे किती गॅमा किरण येतात त्याचा आलेख) घ्या. तसंच तयार होणाऱ्या कोबाल्ट-६० ची शिखरं लोहाच्या शिखरांना खेटून असतात, साध्या सोडियम आयोडाइड काउंटरला ती सुटी करता येत नाहीत.

आता खरी मेख. तुम्ही मोजता ते लोह, तंतू नव्हे. थोडे तंतू गॅम्बल द्रावणात (फुप्फुसातल्या द्रवासारखं कृत्रिम द्रावण) ३७ अंशांवर दोन आठवडे ठेवा: एकदा पीएच ७.४ ला, एकदा भक्षक पेशीच्या पोटातल्यासारखं ४.५ ला. गाळलेल्या पाण्यात काउंट (डिटेक्टरने नोंदलेले किरणोत्सर्गाचे ठोके) आले, तर फुप्फुसातूनही लोह सुटून यकृत-प्लीहेत जाणार आणि तंतू साफ झाल्याचा भास होणार. म्हणून हे दोन्ही अवयवही दरवेळी मोजा.

फक्त नाक आत राहील अशा नळीत उंदराला ३० मिनिटं धूळ द्या. त्याआधी क्रिप्टन-८५ न्यूट्रलायझरने तिचा विद्युतभार घालवा, नाहीतर ती भिंतींनाच चिकटते. पिंजरा जाळीच्या तळाचा हवा. उंदीर स्वतःची विष्ठा खातात आणि गिळलेले तंतू पुन्हा पोटात जातात. हा माल बाहेर पडेपर्यंत, म्हणजे तीन दिवस, अख्ख्या उंदराचे काउंट फुप्फुसाचे समजू नका.

त्याच तंतूंचं स्टँडर्ड (तुलनेसाठी बाजूला ठेवलेला ठरावीक नमुना) फुप्फुस मोजता तसल्याच नळीत, तेवढ्याच उंचीला भरा आणि दरवेळी सोबत मोजा. समजा, तिसऱ्या दिवशीच्या गटाची सरासरी १२,००० आणि स्टँडर्ड ६०,०००: गुणोत्तर ०.२०. नव्वद दिवसांनी दुसऱ्या गटाचे १,८००, स्टँडर्ड १४,८००: ०.१२२. म्हणजे सुमारे ६१ टक्के शिल्लक. किरणोत्सर्ग आपोआप घटतो त्याचं गणित स्टँडर्डनेच करून टाकलं. मात्र रात्री एसी बंद केला तर सकाळी शिखर सरकलेलं असतं, तेव्हा मोजणीआधी कॅलिब्रेशन तपासा.

काउंट वस्तुमान सांगतात. २ मायक्रॉन जाडीचा एक तंतू तेवढ्याच लांबीच्या १ मायक्रॉनच्या चार तंतूंइतके काउंट देतो. तेव्हा मोजलेलं फुप्फुस फेकू नका. कमी तापमानावर राख करून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तंतूंची संख्या आणि लांबी मोजा.