सुगीनंतर खुराडं तपासा: घरच्या कोंबड्यांची राखण

पिकं निघाली की शेतातला आडोसा जातो. उंदीर-घुशी घराकडे, धान्याच्या साठ्याकडे सरकतात आणि त्यांच्या मागावर धामण, मुंगूस, रानमांजर येतं. त्यात दिवस लहान होत जातो. कोंबड्या कोंडायची वेळ रोज थोडी अलीकडे येते आणि माणूस मात्र जुन्याच वेळेला खुराड्याकडे जातो. पहिल्यांदाच पाच-दहा कोंबड्या पाळल्या असतील, तर थंडी पडायच्या आत खुराड्याची डागडुजी उरकून घ्या. जमिनीत ओल आहे तोवर खणणंही सोपं जातं.

हाताशी वेळ आणि पैसा थोडाच असेल, तर तो आधी रात्रीच्या खुराड्यावर घाला. दिवसाचं कुंपण, वरची जाळी, बुजगावणं हे सगळं नंतर. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. दांडीवर बसलेली कोंबडी पळत नाही, नुसती कलकलाट करते. दिवसा उघड्यावर एखादीच कोंबडी जाते. बंद खुराड्यात रात्री कुत्रं किंवा रानमांजर शिरलं तर सकाळी सगळाच कळप मेलेला सापडू शकतो, कारण समोर फडफड चालू असेपर्यंत हे प्राणी भूक भागली तरी मारत राहतात.

जाळी कोणती

षटकोनी घरांची पातळ ‘कोंबडी जाळी’ कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं. रानमांजर तिच्यातून पंजा घालून दांडीवरच्या कोंबडीची मान किंवा पाय ओढतं. मुंडकं नसलेली कोंबडी जाळीलगत पडलेली दिसली, तर बहुधा जनावर आत आलेलंच नसतं, त्याने बाहेरूनच ओढलेलं असतं.

खुराड्याला अर्धा इंच घरांची, जस्त चढवलेली चौकोनी वेल्डमेश, म्हणजे सांध्यांवर वेल्ड केलेली तारेची जाळी, लावा. तार 19 गेजची असावी. भटक्या कुत्र्यांचा त्रास असेल तर खालच्या तीन फुटांना बाहेरून 16 किंवा 14 गेजची जाड जाळी आणखी एक थर म्हणून मारा. गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड, हे खरेदी करताना ध्यानात ठेवा. पिल्लांच्या खोक्याला पाव इंचाची जाळी लागते, कारण अर्ध्या इंचातून लहान साप आणि उंदराची पिल्लं सहज जातात.

जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने ठोका. मग कुत्र्याने अंग टाकलं तरी ती लाकडावर दाबली जाते. आतून ठोकलेली असेल तर त्याच धक्क्याने खिळे निघतात. नुसते यू-खिळे किंवा स्टेपल पिना पुरत नाहीत. दर चार ते सहा इंचांवर स्क्रू आणि त्याखाली रुंद वॉशर घाला. दोन जाळ्या जोडताना किमान दोन इंच एकमेकींवर येऊ द्या आणि बाइंडिंग वायरने विणून घ्या.

खालून येणाऱ्यांसाठी

कुत्रा, कोल्हा, मुंगूस, घूस हे सगळे उकरणारे. ते भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरायला लागतात, दोन फूट मागे सरकून सुरुवात करायचं त्यांना सुचत नाही. म्हणून जाळी खोल पुरण्यापेक्षा बाहेर आडवी पसरणं सोपं आणि तितकंच कामाचं. दोन फूट रुंदीची जाळी घ्या, सहा इंच वर वळवून खुराड्याच्या चौकटीला ठोका आणि उरलेली दीड फूट जमिनीवर बाहेरच्या बाजूला पसरा. दर फुटावर तारेचा आकडा ठोकून ती घट्ट बसवा आणि वर दोन इंच माती किंवा दगड टाका. पाच बाय चार फुटांच्या खुराड्याला चार बाजूंचे अठरा फूट आणि चार कोपऱ्यांचे दीड-दीड फुटांचे तुकडे मिळून चोवीस फूट जाळी लागते. कोपरे सोडू नका; उकरलेलं बिळ हमखास तिथेच सापडतं.

हे पाच बाय चार फुटांचं खुराडं रात्रीच्या मुक्कामापुरतं दहा देशी कोंबड्यांना पुरतं. दिवसभर कोंडून ठेवणार असाल तर दुप्पट जागा धरा. आत पाच-पाच फुटांच्या दोन दांड्या एकाच उंचीवर, जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर बसवा. एक वर, एक खाली असली की वरच्या दांडीसाठी रोज भांडणं होतात. दर कोंबडीला आठ-दहा इंच जागा मिळावी आणि दांडी जाळीपासून निदान एक फूट आत असावी, म्हणजे बाहेरचा पंजा पोचत नाही.

खुराडं पायांवर उभं करणार असाल तर दीड-दोन फूट उंच घ्या. त्याहून बुटकं ठेवलं की खाली केर साठतो आणि उंदरांचं बिऱ्हाड तिथे थाटतं. चढायची फळी रात्री काढून ठेवायची.

दार, कडी आणि पत्र्याच्या फटी

नवख्यांच्या खुराड्यात भिंती बहुधा बऱ्या असतात, घात होतो तो फटींतून. नालीदार पत्रा सपाट वाश्यावर बसवला की पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याखाली इंचभर पोकळी राहते. खालून ती नजरेला येत नाही. रात्री आत विजेरी लावून ठेवा आणि बाहेर येऊन पाहा: जिथून उजेड दिसेल तिथून उंदीर येईल, साप येईल, आणि फट थोडी मोठी असेल तर मुंगूसही. अशा पोकळ्यांत जाळीचे तुकडे दुमडून ठासा आणि वरून लाकडी पट्टी मारा. गोणपाट, थर्माकोल किंवा नुसता फोम कोंबू नका. उंदीर एका रात्रीत पोखरतात.

पण सगळंच बंद करू नका. छताखाली सहा-आठ इंचांचा हवेचा पट्टा लागतोच, फक्त त्याला जाळी हवी. थंडीच्या भीतीने चारी बाजूंना प्लास्टिक गुंडाळलं की विष्ठेतला अमोनिया आत कोंडतो आणि शिकाऱ्यांपासून वाचलेल्या कोंबड्या सर्दी-खोकल्याने बसतात.

दाराखाली बोटभराहून जास्त फट नको. साधा हुक कुत्र्याच्या नाकाने उचलला जातो. कडी-कोयंडा लावा आणि कोयंड्यात स्प्रिंगचा हुक किंवा खिट्टी अडकवा, म्हणजे उघडायला दोन वेगळ्या हालचाली लागतील. दार बिजागरीच्या बाजूनेही ओढून पाहा; बिजागऱ्यांचे छोटे स्क्रू ओल्या लाकडातून अलगद निघतात.

संध्याकाळची शिस्त

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी खुराड्यातच दाणे टाका, दर कोंबडीमागे 20 ते 25 ग्रॅम. त्या लोभाने कोंबड्या आपणहून आत येतात. नव्या आणलेल्या कोंबड्या पहिला आठवडा कोंडूनच ठेवा, मग दोन-तीन दिवस मावळतीच्या तासभर आधी सोडा. घर ओळखलं की झाडावर बसायची खोड लागत नाही. दार लावताना मोजणी करा. एखादी कमी भरली तर ती बहुतेक कुठेतरी अंड्यांवर बसलेली असते. तिला त्याच रात्री शोधा.

उरलेलं खाद्य आणि अंडी रात्री आत ठेवू नका. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. सांडलेलं खाद्य झाडून काढणं हा सापांवरचाही सगळ्यात स्वस्त उपाय आहे: दाणे नाहीत तर उंदीर नाही, उंदीर नाही तर धामण कशाला येईल?

दिवसाचे शिकारी

मुंगूस दिवसाचं जनावर आहे. सकाळी आणि ऊन कलल्यावर ते कुंपणाच्या कडेने फिरतं, म्हणून रात्रीचं दार कितीही पक्कं असलं तरी दिवसा उघड्या खुराड्यात अंडी फोडलेली आणि पिल्लं मारलेली सापडतात. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. खुराड्याभोवती दहा फुटांत झुडपं, लाकडांचा ढीग, विटांची चळत ठेवू नका.

घार, शिकरा आणि कावळा यांना पिल्लं हवी असतात. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लं आईसकट डालग्याखाली किंवा वर जाळी असलेल्या आवारात ठेवा. आवारावर दोन इंच घरांची नायलॉन जाळी ताणून बांधा. ढिली राहिली की पाला साठून झोळ पडतो. ही जाळी जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका, तिच्यात साप अडकून मरतात. मोकळ्या अंगणात निदान दोन-तीन ठिकाणी लपायला आडोसा द्या, अगदी चार विटांवर ठेवलेली फळीही चालते. चमकत्या पट्ट्या आणि सीडी चार दिवस चालतात, मग पक्षी सरावतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचंही तेच.

कोण आलं होतं?

नुकसान झालं तर आधी नीट पाहा, मग आवरा. मेलेल्या पाच-सहा कोंबड्या इकडेतिकडे पडल्यात, खाल्लेलं काही नाही: कुत्रं. कोंबडीच गायब आणि पिसांची रेघ कुंपणापर्यंत: कोल्हा किंवा रानमांजर. उघड्यावर पिसांचं कोंडाळं आणि छातीचं मांस टोचलेलं: शिकारी पक्षी. अंडी नाहीत, टरफलंही नाहीत: साप. मेलेल्या पिल्लाचं डोकं-मान लाळेने चिकट, पिसं चपटी बसलेली, तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलंय. पिल्लांच्या पायांना चावे आणि कोपऱ्यात बीळ: उंदीर, घूस.

खात्री नसेल तर संध्याकाळी दाराबाहेर दोन फुटांच्या पट्ट्यात चाळलेली राख पसरा. सकाळी ठसे पाहा. चार बोटं आणि पुढे नखांच्या खुणा असतील तर कुत्रा किंवा कोल्हा. चार बोटं, ठसा गोल, नखं नाहीत तर मांजराच्या जातीतलं. पाच बोटं आणि नखं असतील तर मुंगूस किंवा उदमांजर.

विष घालू नका. विषाने मेलेला उंदीर कोंबडी खाते, मांजर खातं, आणि उंदीर मारणारं घुबडही त्यानेच मरतं. फासे आणि विजेच्या तारा माणसांच्या जिवावर उठतात. शिवाय बहुतेक ठिकाणी वन्यप्राणी मारणं हा गुन्हा आहे. साप दिसला तर कोंबड्या बाहेर काढा, लांबून लक्ष ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. गंधक, फिनाइल, डांबरगोळ्या यांनी साप अडत नाही.

हल्ल्यानंतरचे दिवस

ज्याला एकदा खायला मिळालं ते जनावर परत येतं, बहुधा पुढच्या दोन-तीन रात्रींत आणि त्याच वाटेने. ती फट त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत बुजवा. मेलेले पक्षी उकिरड्यावर टाकू नका. दोन-तीन फूट खोल पुरून वर दगड ठेवा.

जखमी कोंबडी लगेच वेगळी करा, नाहीतर रक्त पाहून बाकीच्या तिला टोचतात. जखमेभोवतीची पिसं कापा, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. मांजराचा चावा वरून बारीक दिसतो पण आत पिकतो. अशी कोंबडी पशुवैद्यकाला दाखवाच. वाचलेल्या कोंबड्या काही दिवस ते दोन-तीन आठवडे अंडी बंद करतात. त्यात औषधाचं काही काम नाही. पाणी, खाद्य आणि दाराची वेळ रोजची ठेवा, राखेचा पट्टा आठवडाभर रोज सकाळी तपासा, आणि ठसे दिसत असतील तोवर कोंबड्या आवाराबाहेर सोडू नका.