टॅबलेट चार्जिंगला लावून ऑडिओ इंटरफेस कसा चालवायचा

टॅबलेटला पोर्ट एकच. त्यात ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक किंवा वाद्याचा आवाज टॅबलेटमध्ये नेणारा डबा, जोडला की चार्जरला जागा नाही, आणि वर तो इंटरफेस स्वतःला लागणारा करंटसुद्धा टॅबलेटच्याच बॅटरीतून ओढतो, त्यामुळे एरवी दिवसभर पुरणारी बॅटरी रेकॉर्डिंगला बसलं की भराभर उतरते. एखादं गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर चालून जातं, पण तीन तासांचं सेशन असेल किंवा स्टेजवर वाजवायचं असेल तर चार्जिंगची सोय आधीच लावून ठेवा.

पहिल्यांदा पोर्ट कुठला आहे ते बघा. जुना लायटनिंगवाला आयपॅड असेल तर काम सोपं आहे, ॲपलचा लायटनिंग टू यूएसबी ३ कॅमेरा ॲडॅप्टर घ्यायचा, त्याला इंटरफेससाठी मोठा यूएसबी पोर्ट असतो आणि शेजारी चार्जरसाठी लायटनिंग पोर्ट. नावातला तो ३ मात्र नीट बघून घ्या, कारण जवळपास त्याच नावाचा एक जुना ॲडॅप्टर आहे आणि त्याला चार्जिंगचा पोर्टच नाही. चार्जर निदान १२ वॅटचा लावा. चार्जर न लावता नुसता इंटरफेस जोडला तर बऱ्याचदा ॲक्सेसरीला जास्त पॉवर लागते असा मेसेज येतो आणि लोकांना वाटतं इंटरफेस खराब आहे, पण तसं नसतं, त्याला फक्त करंट पुरत नसतो.

यूएसबी-सी वाल्या टॅबलेटला लोक हमखास एक चूक करतात, ती म्हणजे एकाचे दोन करणारी साधी वाय केबल घेणं. ती का चालत नाही ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. यूएसबी-सी मध्ये सुरुवातीला असं ठरतं की जो करंट देतो तो होस्ट, म्हणजे सूत्रं हातात असलेला, आणि जो घेतो तो त्याला जोडलेला डिव्हाइस. आपल्याला हवंय नेमकं उलटं, टॅबलेटने करंट घ्यायचा पण होस्टही त्यानेच राहायचं, नाहीतर त्याला इंटरफेस दिसणारच नाही. ही अदलाबदल पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, मधून दोन्हीकडच्या चिप आपसात बोलून ठरवतात, आणि साध्या वाय केबलमध्ये अशी चिपच नसते, मग एकतर चार्जिंग होतं नाहीतर इंटरफेस चालतो, दोन्ही एकदम नाही. हेडफोन आणि चार्जर एकत्र लावायचे जे छोटे ॲडॅप्टर मिळतात तेही इथे उपयोगाचे नाहीत.

म्हणून घ्यायचा तो पीडी पास-थ्रू असलेला यूएसबी-सी हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा आणि चार्जरचा करंट टॅबलेटपर्यंत जाऊ देणारा डबा. हबवर दोन-तीन यूएसबी-सी पोर्ट असतील तर ज्यावर पीडी लिहिलंय त्यातच चार्जर लावायचा, बाकीचे बऱ्याचदा फक्त डेटाचे असतात. हब स्वतःसाठी आणि जोडलेल्या वस्तूंसाठी थोडे वॅट कापून घेतो, बऱ्याच हबमध्ये १० ते १५, त्यामुळे चार्जर २० वॅटचा असेल तर टॅबलेटपर्यंत फारसं काही पोचत नाही, ३० ते ४५ वॅटचा घेतलेला बरा. हबच्या स्पीडसाठी मात्र जास्त पैसे घालू नका, दोन चॅनेलचा २४ बिट ४८ किलोहर्ट्झ ऑडिओ म्हणजे सेकंदाला साधारण २.३ मेगाबिट, आणि यूएसबी २ ची मर्यादाच ४८० आहे.

आयपॅड प्रो किंवा एअरला मॅजिक कीबोर्ड असेल तर हबचीही गरज नाही. त्याच्या बिजागरीपाशी एक यूएसबी-सी पोर्ट असतो, तो फक्त चार्जिंगचा, मग चार्जर तिथे आणि आयपॅडचा स्वतःचा पोर्ट इंटरफेसला मोकळा. फोलिओ नावाच्या कीबोर्डला हा पोर्ट नसतो, तेवढं लक्षात ठेवा.

आता जोडायचा क्रम, आणि यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. आधी चार्जर हबला, मग हब टॅबलेटला, मग इंटरफेस हबला, आणि शेवटी ॲप उघडायचं. एकदा मी रेकॉर्डिंग चालू असतानाच बॅटरी कमी झाली म्हणून मध्येच चार्जर लावला, हबने पॉवरची बोलणी परत सुरू केली, क्षणभर इंटरफेस तुटला आणि चांगला आलेला टेक तिथेच संपला. चार्जर काढतानाही हेच होऊ शकतं. त्यामुळे लाल बटण दाबल्यापासून थांबेपर्यंत कुठल्याच वायरला हात लावायचा नाही.

इंटरफेसला वेगळा ५ व्होल्टचा किंवा ॲडॅप्टरचा पॉवर पोर्ट असेल तर तो वापराच, स्टाइनबर्ग यूआर२२सी सारख्या इंटरफेसना तो असतो, म्हणजे इंटरफेसचा भार टॅबलेटवरून उतरतो. कंडेन्सर माइक लावून ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेस केबलमधूनच अशा माइकला देतो ती वीज, चालू केली की हा भार अजून वाढतो, आणि फँटम चालू केल्या केल्या इंटरफेस बंद पडत असेल तर दोष माइकचा समजू नका, आधी करंट बघा.

चार्जर लावल्यावर हेडफोनमध्ये किंवा स्पीकरमध्ये बारीक घुंss असा आवाज किंवा सूं सूं येऊ शकते. खात्री करायची तर चार्जर काढून बघा, आवाज गेला तर कारण तेच (अर्थात रेकॉर्डिंगच्या आधी). बऱ्याचदा तो ग्राउंड लूप असतो, म्हणजे टॅबलेटचा चार्जर आणि स्पीकर किंवा अँप दोन्ही भिंतीतल्या विजेला आणि मधे ऑडिओ केबलने एकमेकांना जोडलेले. स्पीकरकडे जाणाऱ्या केबल बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या, तीन तारांच्या) वापरा, सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून घ्या, तरी राहिलं तर ऑडिओ केबलच्या मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. अर्थिंगची पिन तोडायचा किंवा टेप लावायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, शॉक लागू शकतो. मला स्वतःला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे भिंतीतल्या चार्जरऐवजी पीडीवाली पॉवर बँक, टॅबलेटकडून विजेच्या लाइनशी संबंधच राहत नाही त्यामुळे त्या बाजूचा लूपच होत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळं जोडून, फँटम चालू ठेवून, बॅटरी साधारण ६० टक्के असताना अर्धा तास खरंच रेकॉर्डिंग करून बघा. टक्के वाढले किंवा तेवढेच राहिले तर झालं. हळूहळू उतरत असतील तर ब्राइटनेस कमी करा, मागचे ॲप बंद करा, टॅबलेटचं जाड कव्हर काढा कारण तापला की तो चार्जिंग स्वतःच मंद करतो, आणि एवढं करूनही उतरत असेल तर चार्जर किंवा त्याची केबल बदलून परत अर्धा तास चालवा.