चाचणीच्या शेल स्क्रिप्टला घड्याळ आणि यंत्र बाधू नये म्हणून

नाशिकमध्ये मंगळवारी पहाटेचे ४ वाजतात, तेव्हा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार सोमवारचे रात्रीचे साडेदहाच झालेले असतात. त्यामुळे आजची स्थानिक तारीख आणि यूटीसीत लिहिलेल्या लॉगमधील (प्रोग्रॅमच्या नोंदवहीतील) तारीख ताडून पाहणारी चाचणी रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत नापास होते आणि उरलेला दिवसभर बिनतक्रार पास होते. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दहा ते सात काम करणाऱ्याला हा दोष दिसणारच नाही. तो रात्रीच्या स्वयंचलित फेरीतच उघडा पडेल.

म्हणून चाचणीच्या शेल स्क्रिप्टच्या, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडच्या फाइलीच्या, आरंभीच वेळेचा पट्टा ठरवणाऱ्या टीझेड या व्हेरिएबलला ‘यूटीसी०’ ही किंमत देऊन ते एक्स्पोर्ट करावे, म्हणजे स्क्रिप्टमधून चालणाऱ्या कमांडनाही ते मिळते. ‘एशिया/कोलकाता’ हे नाव देणे सोपे वाटते, पण त्यासाठी टाइमझोनचा डेटाबेस यंत्रावर असावा लागतो. आटोपशीर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवण्याच्या बंदिस्त चौकटीत) तो अनेकदा नसतो आणि लिनक्सवरील ग्लिबसी ही मूलभूत लायब्ररी अशा वेळी चूक न दाखवता मुकाट्याने यूटीसी धरते. भारतीय वेळच हवी असल्यास पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकाच्या रीतीने ‘आयएसटी-५:३०’ असे लिहावे. येथे ग्रीनिचच्या पूर्वेला वजा चिन्ह लागते. हे उफराटे आहे खरे, पण वजाऐवजी अधिक लिहिल्यास घड्याळ तब्बल ११ तास मागे पडते.

तारखेची आकडेमोड शक्यतो टाळावी. कालची तारीख काढण्यासाठी लिनक्सवरील डेट कमांडला ‘-डी’ हा पर्याय चालतो, तर मॅकओएसवर ‘-व्ही’ द्यावा लागतो. त्याऐवजी एखादा ठरावीक क्षण निवडून फाइलची वेळ बदलणाऱ्या ‘टच -टी’ला वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट असे सलग १२ अंक द्यावेत, टीझेड आधीच बांधलेले असल्यामुळे फाइलवर सर्वत्र तोच क्षण नोंदला जातो.

बाकीच्या खोडी लहान आहेत. उबुंटू या लिनक्सवरील ‘एसएच’ म्हणजे डॅश हे साधे शेल असल्याने दुहेरी चौकटी कंस आणि ॲरे वापरू नयेत. ‘इको -एन’ऐवजी प्रिंटएफ वापरावे. फाइल जागच्या जागी बदलणारे ‘सेड -आय’ लिनक्स आणि मॅकवर वेगळे वागते, तेव्हा निकाल नव्या फाइलीत लिहून तिचे नाव बदलावे. ओळी मोजणारे मॅकवरील ‘डब्ल्यूसी -एल’ आकड्याआधी मोकळ्या जागा सोडते; त्यामुळे ती तुलना मजकूर म्हणून नव्हे, संख्या म्हणून करावी. सॉर्टचा क्रम स्थिर राहावा म्हणून भाषा-प्रदेशाचे नियम ठरवणाऱ्या ‘एलसी_ऑल’ या व्हेरिएबलला ‘सी’ द्यावे.

मूळ प्रोग्रॅमच स्थानिक वेळ हाताळत असेल, तर टीझेड बदलून त्याच चाचण्या न्यूयॉर्कच्या वेळेतही चालवाव्यात. तिथे मार्चमधील एका रविवारी रात्री दोन ते तीन हा तास घड्याळात येतच नाही.