कोठ्यातली जुनी फियाट रस्त्यावर आणताना

वाड्याच्या पडवीत किंवा गुरांच्या कोठ्यात वर्षानुवर्षे उभी असलेली फियाट ११०० विदर्भातल्या खेड्यांत अजूनही सापडते. मालक वारले, पोरं नागपूर-पुण्याला गेली, गाडी जागची हलली नाही. अशी गाडी मिळाली की लोक आधी बॅटरी जोडून सेल मारतात. ते करू नका. पहिलं काम कागदांचं आहे.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर घासून साफ करा, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा आणि ती छाप आरसी बुकाशी ताडून पाहा. इंजिन नंबर जुळला नाही तर इंजिन बदलल्याची नोंद बुकात आहे का ते बघा. जुन्या बुकात मालकांची नावं आणि हस्तांतरणाच्या तारखा ओळीने असतात. गाडीचा खरा इतिहास तोच, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. विदर्भाच्या गाडीत एक जास्तीची भानगड असते. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या गाडीवर दुसऱ्या राज्याचा शिक्का दिसला तर घाबरू नका, पण नोंद पुढे सरकली आहे याची खात्री आरटीओत करून घ्या.

मालक हयात नसेल तर फॉर्म ३१ आणि वारसाचे कागद लागतात. एका भावाकडून घेतलेली गाडी पुढे दुसरा भाऊ अडवतो, तेव्हा सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. त्यानंतरच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवता येते आणि जुना नंबर टिकतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. बाजारहाटाला गाडी हवी असेल तर साधी फेरनोंदणी करा.

आता शर्यतीचा प्रश्न. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट धावत असत, म्हणून विकणारा प्रत्येक जण ‘ही रेसची गाडी’ म्हणतो. फियाटचा गिअर मुळात स्टिअरिंगपाशी असतो. तो खाली घेतलेला दिसला म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण साध्या गाड्यांतही तो बदल सर्रास झाला. जोड कार्बोरेटरचं मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनला जोडणारा पाईप), घासून उंची कमी केलेलं हेड (इंजिनचा वरचा भाग), आतल्या लोखंडी सुरक्षा-पिंज्यासाठी फ्लोअरला पाडलेली आणि नंतर बुजवलेली भोकं, दारावरच्या रंगाखाली आकड्याचा गोल, असं दोन-तीन ठिकाणी एकदम सापडलं तर विश्वास ठेवा. आणि ते सापडलं तर पेंटरने पॉलिश पेपर लावण्याआधी फोटो काढा. एकदा रंग उतरला की पुरावा गेला.

इंजिन १०८९ सीसीचं, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. जाम इंजिन सुटावं म्हणून चारही प्लग काढून प्रत्येक भोकात साधारण २५ मिली डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ एटीएफ तेल निम्मं-निम्मं सोडा. चार ते सात दिवस थांबा, रोज थोडं घाला. मधल्या वेळात हेडवरचं टॅपेटचं झाकण काढून सगळे व्हॉल्व्ह हाताने दाबून बघा. एखादा अडकला असेल आणि इंजिन फिरवलं तर पुशरॉड वाकतो. मग क्रँकच्या नटावर लांब पाना लावून मागे-पुढे इंचभर हलवा. ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढणं हा खेड्यातला आवडता उपाय आहे, त्यात रिंग तुटतात आणि बोअरवर ओरखडे येतात. इंजिन फिरलं की सम्प (खालचं तेलाचं भांडं) उतरवून तळाचा काळा गाळ खरवडून काढा, नवं २०डब्ल्यू-५० तेल भरा आणि प्लग बाहेर ठेवूनच तेलाचं प्रेशर येईपर्यंत सेल मारा.

पाण्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे गेलं असेल, तर हेड खोलल्यावर पाण्याच्या भोकांभोवतीचं ॲल्युमिनियम वाळवी लागल्यासारखं खाल्लेलं दिसतं. गॅसकेट तिथे टिकत नाही. भोकं ॲल्युमिनियम वेल्डिंगने भरून हेड लेथवाल्याकडून सपाट करून घ्या. नुसतं सपाट केलं तर खड्डा राहतो. पुढे फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. कोठ्यातल्या गोमूत्राच्या वाफेत अमोनिया असतो, तो पितळेला चिरा पाडतो. म्हणून रेडिएटरची प्रेशर टेस्ट करा आणि वायरिंगची पितळी टोकं बदलाच. उंदरांनी वायर कुरतडलेली असतेच.

पहिल्यांदा इंजिन टाकीवर चालवू नका, बाटलीतून पेट्रोल द्या. टाकीत राळ साचलेली असते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात जुने रबरी पाईप आणि पंपाचा पडदा फुगून फुटतो. इथेनॉल सोसणारे पाईप घाला. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि जुन्या गाड्यांत एकाच लाईनवर. एक व्हील सिलेंडर गळला की सगळे ब्रेक गेले, त्यामुळे चारही चाकांची किट आणि मास्टर सिलेंडरचं किट एकदमच बदला. रबराला डिझेल लावून धुऊ नका, ते फुगतं.

पत्र्याचं काम स्वस्तात उरकू नका. या गाडीला वेगळी चेसिस नाही. फ्लोअर आणि दाराखालची पट्टी हाच तिचा कणा. गंजावर डांबर फासून वरून मॅट टाकणारे भेटतील. गंज कापून १८ ते २० गेजचा पत्रा घाला, पण एका वेळी एकच बाजू, आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करा. नाहीतर चौकट बसते आणि दार कधीच नीट लागत नाही. गॅस वेल्डिंगने पत्रा वाकतो, सीओटू वेल्डिंग बरं.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट, मॅन्युअलमध्ये टॉर्क (आवळण्याचा जोर) दिला असेल त्याप्रमाणे, पुन्हा आवळा. मे महिन्यात ४५ अंशांत गाडी चढावर बंद पडली तर बहुतेक वेळा पेट्रोल पाईपमध्येच उकळलेलं असतं. पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटांनी चालू होईल. नंतर पाईप एक्झॉस्टपासून लांब घ्या.