स्ट्रिंग क्वार्टेट ऐकायला कुठून सुरुवात करावी

सोलापूरच्या पूर्व भागात मी गाण्याच्या शिकवण्या घेते. इथे दिवसभर यंत्रमागांची खटखट, म्हणून माझं पहिलं सांगणं वेळेचं: शेजारचे माग थांबल्यावर बसा आणि हेडफोन घाला. मोबाइलच्या स्पीकरवर चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य, जवळजवळ हरवतो.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या सुराचा), एक चेलो, एवढाच संच आणि त्यासाठी लिहिलेली रचनाही. ऑर्केस्ट्रात एकच ओळ कितीतरी व्हायोलिन मिळून वाजवतात, इथे प्रत्येकाचा सूर उघडा पडतो. मनातलं अगदी खासगी सांगायला संगीतकार इथेच येतात, ते यामुळेच असं मला वाटतं.

स्मेटानापासून सुरुवात करा. हा चेक संगीतकार १८७४ मध्ये पूर्ण बहिरा झाला. १८७६ मध्ये त्याने ‘माझ्या आयुष्यातून’ हे क्वार्टेट लिहिलं. पहिल्यांदा ऐकताना फक्त व्हियोला धरून ठेवा, कारण सुरुवातीची मुख्य धून त्याच्याकडेच आहे. चौघांना एकदम ऐकायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. दुसऱ्यांदा चेलोच्या मागे जा. तिसरा भाग तोच एकटा सुरू करतो. तो भाग स्मेटानाच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या आठवणीचा आहे. शेवटचा भाग आनंदात धावत असतो आणि मध्येच थबकतो. खाली बाकीची वाद्यं थरथरतात, वर पहिल्या व्हायोलिनचा एकच लांब, टोकदार सूर. बहिरेपण येताना त्याच्या कानात वाजत राहिलेला तो सूर. तिथे मला अजूनही गलबलून येतं.

राग शिकलेल्यांनी यानंतर जर्मन संगीतकार बेटहोफेनचं ओपस १३२ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) हे क्वार्टेट घ्यावं. १८२५ मध्ये मोठ्या दुखण्यातून उठल्यावर त्याने तिसरा भाग देवाचे आभार मानण्यासाठी लिहिला. त्याचे सूर लिडियन मोडचे, म्हणजे आपल्या कल्याण थाटाचे, तीव्र मध्यम असलेले. त्यात यमन मात्र शोधू नका, रागाचं चलन तिथे नाही. लय फार संथ आहे. मध्ये ‘नवं बळ आल्यासारखं’ असं लिहिलेला भाग येतो आणि चाल एकदम हलकी होते. तिथपर्यंत उठू नका.

यानाचेक या चेक संगीतकाराचं १९२८ मधलं दुसरं क्वार्टेट मात्र त्यामागची गोष्ट न वाचता ऐका. कोण कोणाशी बोलतंय, कोण मध्येच तोडतंय, ते वहीत लिहा. मग त्याने कामिला स्टोसलोव्हाला लिहिलेल्या पत्रांविषयी वाचा आणि ती वही समोर ठेवून पुन्हा ऐका.