व्याजदर आणि महागाई बघून शेअर घेताय? या चुका टाळा

दरकपातीची बातमी आली की ‘आता बाजार पळणार’ म्हणत लगेच ऑर्डर टाकणारे पुष्कळ भेटतात. सप्टेंबर 2007 मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने (तिथल्या मध्यवर्ती बँकेने) 5.25 टक्क्यांचा दर उतरवायला घेतला आणि डिसेंबर 2008 पर्यंत जवळजवळ शून्यावर आणला. एस अँड पी 500 हा तिथल्या बड्या कंपन्यांचा निर्देशांक मात्र ऑक्टोबर 2007 च्या शिखरावरून मार्च 2009 पर्यंत निम्म्याहून जास्त घसरला. याउलट 2023 मध्ये जुलैपर्यंत दर वाढत होते, तरी वर्षअखेरीस हाच निर्देशांक सुमारे 24 टक्के वर होता.

म्हणजे दर किती बदलला यापेक्षा का बदलला, हे आधी बघायचं. महागाई आटोक्यात आली म्हणून कपात झाली, की धंदाच बसला म्हणून? शिवाय पाव टक्क्याची कपात सगळ्यांनी धरूनच ठेवली असेल, तर ती भावात आधीच आलेली असते. मग घोषणेच्या दिवशी भाव हलला नाही, म्हणून बाजाराला दोष देण्यात अर्थ नाही.

सगळ्या शेअरना एकच माप

‘दर वाढले की शेअर पडतात’ हे अर्धंच खरं. कॅल्क्युलेटर घ्या. दहा वर्षांनी मिळणाऱ्या 100 ची आजची किंमत (म्हणजे आज किती गुंतवले तर तेव्हा 100 होतील) 4 टक्के दराने 67.6 येते, 8 टक्के दराने 46.3. जवळजवळ तिसरा हिस्सा गायब. हेच 100 दोन वर्षांत मिळणार असतील, तर किंमत 92.5 वरून 85.7 वर येते, म्हणजे घट फक्त सात टक्क्यांची. ज्या कंपनीचा नफा ‘पुढे कधीतरी’ येणार आहे तिला दरवाढ जास्त का झोंबते, ते इथे कळतं. 2022 मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक निर्देशांक सुमारे 33 टक्के पडला, जुन्या, रोख कमावणाऱ्या कंपन्यांचा डाऊ जोन्स जेमतेम 9 टक्के. दरवाढीत पोर्टफोलिओ प्रमाणाबाहेर आपटला असेल, तर त्यातल्या किती कंपन्या आज नफ्यात आहेत ते मोजा.

महागाईतला फुगलेला नफा

ही चूक जाणकारही करतात. गोदामात सहा महिन्यांपूर्वी स्वस्तात घेतलेला कच्चा माल पडलेला असतो, आणि विक्री आजच्या चढ्या भावाने होते. त्या तिमाहीत नफा झकास दिसतो, पी/ई (शेअरचा भाव प्रति शेअर नफ्याच्या किती पट ते) कमी दिसतो, आपण खुश. पुढचा माल महाग येतो आणि मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा) पूर्वीच्या जागी, कधी त्याहूनही खाली जातं. म्हणून विक्री 10 टक्के वाढली असं वाचलं की नग किती वाढले ते शोधा. भाव 9 टक्क्यांनी वाढवले असतील, तर धंदा वाढला एक टक्का.

शेअर म्हणजे महागाईवर हमखास उतारा, असंही धरून चालू नका. 1966 च्या सुरुवातीला डाऊ हजाराच्या आसपास होता आणि ऑगस्ट 1982 मध्ये आठशेच्याही खाली. दरम्यान अमेरिकेत वस्तूंच्या किमती जवळपास तिप्पट झाल्या होत्या. लाभांश मिळत होता हे खरं, पण भावाने काहीच दिलं नाही. ठेवीत पैसे ठेवून ‘7 टक्के सुटतात’ म्हणणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू पडतो: 30 टक्के कर गेला की 4.9 उरतात, आणि महागाई 6 टक्के असेल तर पैसा घटलाच.

कर्जाकडे काणाडोळा

इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. शेअर स्वस्त वाटला, घेतला. कंपनीचं बहुतेक कर्ज बदलत्या व्याजाचं होतं. ते वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये सरळ लिहिलेलं होतं, मी तिथवर गेलोच नाही. समजा व्याजाआधीचा नफा 100 आणि व्याज 40. दर 8 वरून 10 टक्के झाला की व्याज 50 होतं आणि हातात 60 ऐवजी 50 उरतात. विक्री तसूभरही न घटता नफा सहाव्या हिश्श्याने कमी! व्याज स्थिर असेल तर कर्ज कोणत्या वर्षी फेडायचं आहे ते बघा, कारण ते नव्याने काढावं लागलं तर त्या वेळच्या दरानेच मिळणार.