कंटेनरची खोली करताय? ग्राइंडर जरा बाजूला ठेवा

जहाजावर माल नेणारा लोखंडी कंटेनर घेऊन येणारा प्रत्येक जण आम्हा फॅब्रिकेशनवाल्यांना आधी एकच विचारतो: खिडक्या किती काढता येतील? तो विषय नंतर. आधी उंची बघा. साधा कंटेनर बाहेरून साडेआठ फूट उंच, हाय क्यूब साडेनऊ. माणसं बसणार-झोपणार असतील तर हाय क्यूबच घ्या. रुंदी आठ फूट म्हणतात, पण आतून 2.35 मीटरच भरते, आणि इन्सुलेशन नि प्लाय लावल्यावर त्यातलेही काही इंच जातात. नुसतं सामान ठेवायचं असेल तर साधा चालतो.

विकत घेण्याआधी आत उभे राहा आणि बाहेरच्या माणसाला दारं लावायला सांगा. अंधारात उजेडाचा ठिपका दिसला की तिथे भोक आहे. अंगावरच्या तांबूस थराला घाबरू नका. पत्रा कॉर्टेन स्टीलचा असतो, त्याचा वरचा गंज घट्ट धरून राहतो आणि पुढचा गंज मंदावतो. मात्र पाणी साचतं तिथे ही मात्रा चालत नाही. खालची रेल (पत्र्याच्या कडेने जाणारा लांब लोखंडी दांडा), छतावरचे पोचे, दाराच्या रबराखालची जागा हातोडीने ठोकून बघा. आवाज खणखणीत आला पाहिजे.

तळाला साधारण 28 मिमीचा प्लाय असतो. त्याला बहुधा कीडनाशक मारलेलं असतं, शिवाय त्यावर आधी काय काय सांडलंय ते कोण सांगणार? राहायची खोली असेल तर मी तो सरळ उचकटून टाकतो.

आता कापाकापी. भरलेले कंटेनर एकावर एक रचतात म्हणून लोकांना वाटतं, डबा सगळीकडून सारखाच भक्कम. तसं नाही. वरचा सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली उतरतो. बाजूचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिमी. त्याची ताकद पन्हाळीत, म्हणजे पत्र्याच्या घड्यांत आहे आणि वरची-खालची रेल त्यानेच ताठ धरलेली असते. तो मोठा कापला की वरची रेल मधेच झोल खाते. अख्खी बाजू उघडायची असेल तर आधाराचा बीम किती जाड हवा ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या. तिथे अंदाजपंचे नको.

म्हणून डबा आधी कायमच्या जागी, चारही कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे देऊन पातळीत बसवा. एक कोपरा जरी खचला तरी दारं अडकतात. मग खूण करा, चौकोनी पाइपची चौकट तयार ठेवा, वरच्या रेलला टेकू द्या आणि त्यानंतरच ग्राइंडर चालवा. मास्क घाला, जुन्या रंगात शिसं असू शकतं. चौकट त्याच दिवशी बसवा. वेल्डिंग सलग ओढू नका. थोडं इकडे, थोडं तिकडे मारा, नाहीतर पातळ पत्रा तापून फुगतो. पन्हाळीमुळे चौकटीशी फटी राहतात, त्या लोखंडी पट्टीने बुजवा. नुसतं सिलिकॉन भरून निघून जाणारे कारागीर मला भेटलेत. पहिल्या पावसात त्यांचा फोन लागत नाही.

गळतीपेक्षा जास्त त्रास घामाचा. थंड रात्री आतली वाफ पत्र्यावर धरते आणि थेंब पडायला लागतात. पत्र्यावर ग्लासवूल अंथरून वर प्लाय ठोकला तर ती वाफ फटींतून मागे जाऊन लोकर भिजवते, बाहेरून काहीच कळत नाही. क्लोज्ड-सेल स्प्रे फोम (फवारून मारायचा, बंद बुडबुड्यांचा फेस) थेट पत्र्याला चिकटतो, मधे हवा उरत नाही. छताला तरी तोच मारा. उन्हासाठी वर मोकळी जागा सोडून दुसरं छप्पर टाका. डब्याच्या मूळ हवेच्या जाळ्या अगदीच बारीक असतात, त्यामुळे खिडक्या समोरासमोर हव्यात.

जमिनीत पुरून तळघर करायचा बेत मात्र सोडा. मातीचा दाब बाजूचे पत्रे आत ढकलतो.

वायरिंग झाल्यावर डब्याला अर्थिंग दिलंच पाहिजे, अख्खी खोली लोखंडाची आहे. आणि कंटेनरची मूळ दारं फक्त बाहेरूनच लागतात-उघडतात. आतून उघडणारं वेगळं दार बसेपर्यंत ती दारं उघडी टाकून, हँडल साखळीने बांधूनच आत काम करा.